विश्लेषण : विजेच्या शॉकचा अभ्यास करणाऱ्या इंजिनीअरकडून जगाला सीपीआर कसा मिळाला? मनोर-बोईसर पट्ट्यासाठी तो का महत्त्वाचा?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोरच्या मस्तान नाक्यावरून एक रस्ता पालघरला जातो, तर दुसऱ्या बाजूला वाडा आणि विक्रमगड. थोडे पुढे गेले की चिल्हार फाट्यावरून बोईसर आणि तारापूर औद्योगिक वसाहतीकडे वळता येते. दिवसरात्र ट्रक, कंटेनर, कामगारांच्या बस आणि रिक्षा या पट्ट्यात धावत असतात. कुणाची प्रकृती फारच गंभीर झाली, तर अनेकदा मुंबई, ठाणे किंवा गुजरातच्या बाजूला वापी, वलसाड, सिल्वासा गाठावे लागते. महामार्गावर कोंडी असेल तर हा प्रवास किती वेळाचा होईल, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

हृदय बंद पडलेल्या माणसाकडे मात्र एवढा वेळ नसतो. रक्तपुरवठा थांबल्यापासून साधारण 4 ते 6 मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. मग ही मिनिटे भरून काढायची कशी? त्याचे उत्तर ज्या टीमने शोधले, तिचा प्रमुख डॉक्टर नव्हता, इलेक्ट्रिकल इंजिनीअर होता. विल्यम बेनेट कौवेनहोवेन हे त्यांचे नाव. त्यांचे काम नेमके काय होते आणि आज पालघर जिल्ह्यात ते कसे उपयोगी पडते, याचा हा आढावा.

हार्ट अ‍ॅटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट एकच का?

नाही. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीमुळे बंद होते. छातीत दुखते, घाम फुटतो, हात किंवा जबडा दुखतो. पण रुग्ण बहुतेक वेळा शुद्धीत असतो आणि हृदय चालू असते.

कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदयाचे पंपिंगच थांबते. माणूस क्षणात कोसळतो, हाक मारली तरी प्रतिसाद देत नाही, श्वास थांबतो किंवा अधूनमधून नुसते आचके येतात. हार्ट अ‍ॅटॅकमुळे कार्डिअ‍ॅक अरेस्ट होऊ शकतो. तसाच तो विजेच्या धक्क्याने, बुडाल्याने किंवा शरीरातील क्षारांचे प्रमाण बिघडल्यानेही होतो.

हृदयाचा प्रत्येक ठोका एका छोट्या विद्युत संकेताने पडतो. हा संकेत ठरलेल्या वाटेने गेला की हृदयाचे कप्पे क्रमाने आकुंचन पावतात. ही शिस्त मोडली, तर खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात. त्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदयात विद्युत हालचाल असते, पण रक्त पुढे ढकलले जात नाही. कौवेनहोवेन यांचे संशोधन याच थरथरीपासून सुरू झाले.

कोण होते कौवेनहोवेन?

त्यांचा जन्म 13 जानेवारी 1886 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाला. तिथल्याच पॉलिटेक्निक संस्थेत त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पुढे जर्मनीतील कार्ल्सरूह येथून 1913 मध्ये अभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळवली. 1914 मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवू लागले आणि उरलेले सगळे आयुष्य याच संस्थेशी जोडलेले राहिले. इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक आणि नंतर अभियांत्रिकी शाखेचे अधिष्ठाता, अशी त्यांची कारकीर्द होती.

वैद्यकशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांचा हात बसला होता तो करंट, व्होल्टेज, इन्सुलेशन आणि मोजमाप यांवर. तेच ज्ञान पुढे कामी आले.

वीज कंपन्यांना इंजिनीअरची गरज का पडली?

1920 च्या दशकात अमेरिकेत विजेचे जाळे झपाट्याने वाढत होते. घरोघरी वीज पोहोचत होती आणि खांबांवर चढणाऱ्या लाइनमनचे मृत्यूही वाढत होते. यातील अनेकांच्या अंगावर मोठ्या भाजल्याच्या खुणा नसत. क्षणभर तारेला हात लागलेला असे आणि माणूस गेलेला असे. मृत्यू नेमका कशाने झाला, हे कळत नव्हते. न्यूयॉर्कच्या वीज कंपनीने, म्हणजे आजच्या कॉन एडिसनने, या प्रश्नावर संशोधन व्हावे यासाठी पुढाकार घेतला. त्यातून जॉन्स हॉपकिन्समध्ये एक गट तयार झाला. त्यात कौवेनहोवेन यांच्याबरोबर शरीरक्रियाशास्त्रज्ञ डोनाल्ड हूकर आणि मेंदूविकारतज्ज्ञ ऑर्थेलो लँगवर्दी होते.

शरीरातून करंट गेला की काय बिघडते, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तीव्र व्होल्टेजमध्ये ऊती भाजतात, श्वसनकेंद्र बंद पडू शकते. पण घरगुती दाबाच्या एसी करंटने हृदय थरथरू लागते आणि तेच प्राणघातक ठरते. यासाठी लागणारा करंट फारच कमी असतो. हातातून पायाकडे काही सेकंद गेलेला सुमारे 100 मिलीअँपिअर करंटही पुरेसा ठरू शकतो. 230 व्होल्टवर चालणारा 60 वॅटचा जुना बल्ब साधारण 260 मिलीअँपिअर करंट घेतो. म्हणजे एक बल्ब पेटायला लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी करंट जीव घेऊ शकतो. घराच्या मीटर बोर्डात 30 मिलीअँपिअरला ट्रिप होणारा आरसीसीबी बसवायला सांगतात, त्यामागे हेच गणित आहे.

जो शॉक मारतो, तोच वाचवतो कसा?

हूकर, कौवेनहोवेन आणि लँगवर्दी यांचे प्रयोग कुत्र्यांवर झाले. छोट्या करंटने थरथर सुरू झालेल्या हृदयाला त्यांनी दुसरा, अधिक जोरदार शॉक दिला. थरथर थांबली आणि काही क्षणांत हृदय पुन्हा नियमित पडू लागले. 1933 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

हे कसे होते? थरथरणाऱ्या हृदयात प्रत्येक भाग आपापल्या वेळी आकुंचन पावत असतो. मोठा शॉक सगळ्या पेशींना एकाच वेळी उद्दीपित करतो आणि गोंधळ एकदम थांबतो. त्यानंतर हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर सूत्रे हातात घेऊ शकतो. मोबाइल हँग झाल्यावर तो रीस्टार्ट करावा, तसाच काहीसा हा प्रकार.

हा शोध अगदी नवा नव्हता. जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि बातेली या शास्त्रज्ञांनी 1899 मध्येच तो नोंदवला होता. पण तेव्हा त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. तीन दशकांनी तो नव्याने हाती आला, कारण आता त्याची गरज असलेला एक मोठा उद्योग पाठीशी होता.

तरीही माणसापर्यंत पोहोचायला आणखी वेळ लागला. मध्ये दुसरे महायुद्ध झाले. 1947 मध्ये क्लीव्हलँडचे सर्जन क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेदरम्यान हृदय बंद पडलेल्या 14 वर्षांच्या मुलाच्या हृदयाला थेट शॉक देऊन त्याला वाचवले. त्या वेळी छाती उघडलेली होती. ऑपरेशन थिएटरबाहेर, रस्त्यावर किंवा खांबाखाली पडलेल्या माणसासाठी ही पद्धत निरुपयोगी होती.

छाती न उघडता शॉक देणे कधी शक्य झाले?

1950 च्या दशकात वीज कंपन्यांच्या संघटनेने पुन्हा निधी दिला. लाइनमनपर्यंत नेता येईल, असे यंत्र त्यांना हवे होते. कौवेनहोवेन यांनी निवृत्तीच्या वयात हे काम हाती घेतले. सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या विभागाने त्यांना प्रयोगशाळेत जागा दिली. ‘ब्लू बेबी’ शस्त्रक्रियेमुळे ब्लेलॉक तेव्हा जगभर ओळखले जात होते.

दरम्यान बोस्टनचे डॉ. पॉल झोल यांनी 1956 मध्ये छातीच्या बाहेरून दिलेल्या शॉकने माणसाच्या हृदयाची थरथर थांबवता येते, हे दाखवून दिले. 1957 मध्ये कौवेनहोवेन यांच्या गटाचेही बाहेरून शॉक देणारे यंत्र तयार झाले. ते चाकांच्या गाड्यावरून न्यावे लागे, इतके जड होते. खांबाखाली नेण्याजोगे ते अजून नव्हते. पण त्यानेच पुढच्या शोधाचे दार उघडले.

छाती दाबण्याची कल्पना कुणाला सुचली?

कौवेनहोवेन यांच्या हाताखाली गाय निकरबॉकर हा तरुण इंजिनीअर संशोधन करत होता. 1958 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत त्याला एक गोष्ट दिसली. शॉक देण्यापूर्वी जड इलेक्ट्रोड छातीवर दाबून धरले की धमनीतील रक्तदाबाची रेषा किंचित वर जाते. हृदय बंद असताना, शॉक अजून दिलेला नसताना, हा दाब येतो कुठून?

एखाद्याने याला मोजमापातील चूक म्हणून सोडून दिले असते. या गटाने तसे केले नाही. छातीवर दाब दिल्याने रक्त पुढे ढकलले जात असेल, तर पुन्हा पुन्हा दाबले तर काय होईल, हा पुढचा प्रश्न होता. जेम्स ज्यूड हे तरुण सर्जन या कामात सामील झाले. कुठे दाबायचे, किती खोल, किती वेगाने, हे एकेक करून तपासले गेले. छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर दाब दिला की सर्वाधिक परिणाम दिसतो, हे त्यातून निश्चित झाले.

यामागचे तत्त्व सोपे आहे. हृदय पुढून उरोस्थी आणि मागून पाठीचा कणा यांच्यामध्ये असते. वरून दाब दिला की हृदय आणि छातीतील रक्तवाहिन्यांवर दाब येतो, रक्त बाहेर पडते. दाब सोडला की रक्त परत भरते. झडपा रक्ताला उलटे जाऊ देत नाहीत. निरोगी हृदयाच्या तुलनेत हा प्रवाह फार तर चौथा ते तिसरा हिस्सा असतो. पण मेंदू आणि हृदय तग धरून राहण्यासाठी तेवढाही उपयोगी पडतो.

पहिले रुग्ण कोण?

1959 मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल देताना 35 वर्षांच्या एका महिलेचे हृदय बंद पडले. ज्यूड यांनी छाती न उघडता बाहेरून दाब द्यायला सुरुवात केली. थोड्याच वेळात हृदय पुन्हा सुरू झाले आणि ती बरी झाली. तोवर अशा वेळी सर्जनने छाती कापून हातात हृदय घेऊन ते दाबायचे, हीच पद्धत होती.

9 जुलै 1960 च्या ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात 20 रुग्णांची माहिती होती. त्यापैकी 14 जण वाचले होते. हे बहुतेक रुग्ण रुग्णालयातच होते आणि मदत लगेच मिळाली होती, हे लक्षात ठेवायला हवे. रस्त्यावर कोसळणाऱ्यांमध्ये इतके मोठे यश मिळत नाही. पण लेखाचा खरा मुद्दा वेगळाच होता. हृदय चालू ठेवण्यासाठी आता ऑपरेशन थिएटर, सुरी किंवा यंत्र असण्याची अट उरली नव्हती. दोन हात पुरेसे होते.

इथेही जुन्या शोधाची पुनरावृत्ती होती. जर्मनीतील गॉटिंगेन येथे फ्रीड्रिश मास या डॉक्टरने 1891 च्या सुमारास भुलीमुळे हृदय बंद पडलेल्या रुग्णांवर छाती दाबण्याचा उपाय केला होता. तो विसरला गेला. कौवेनहोवेन यांच्या गटाने त्याला मोजमापाचा आधार दिला आणि तो शिकवता येईल अशा स्वरूपात मांडला.

यात कृत्रिम श्वास कधी जोडला गेला?

त्याच शहरात, बाल्टिमोरमध्येच, डॉ. पीटर साफार हे भूलतज्ज्ञ तोंडावाटे श्वास देण्याच्या पद्धतीवर काम करत होते. स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांतून त्यांनी दाखवले होते, की पाठ आणि हात हलवून श्वास देण्याच्या जुन्या पद्धतींपेक्षा मान मागे करून तोंडाने श्वास देणे जास्त परिणामकारक आहे.

सप्टेंबर 1960 मध्ये मेरीलँड राज्यातील ओशन सिटी येथे झालेल्या वैद्यकीय परिषदेत दोन्ही पद्धती एकत्र मांडल्या गेल्या. त्यातून कार्डिओपल्मनरी रिससिटेशन, म्हणजे आजचा सीपीआर, आकाराला आला. 1963 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्याला औपचारिक मान्यता दिली. नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेरडाल यांनी सरावासाठी बाहुली तयार केली. सीपीआरच्या वर्गात आजही अशाच बाहुलीवर शिकवतात.

मग सामान्य माणसाला शिकवायला उशीर का झाला?

कारण हे काम फक्त डॉक्टरांनी करावे, असा वैद्यकीय वर्तुळातील मोठा मतप्रवाह होता. बरगड्या मोडतील, यकृताला इजा होईल, चालू हृदयावरच कुणी दाब देईल, अशी भीती होती. 1966 मध्ये अमेरिकेत झालेल्या राष्ट्रीय परिषदेने परिचारिका, रुग्णवाहिका कर्मचारी अशांना प्रशिक्षण देण्याची शिफारस केली. सामान्य नागरिकांसाठी मात्र दार बंदच राहिले.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटल शहराने हजारो नागरिकांना सीपीआर शिकवायला घेतला. 1974 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सर्वसामान्यांच्या प्रशिक्षणाला मान्यता दिली. म्हणजे दोन हात पुरतात, हे छापून आल्यानंतर ते हात कुणाचेही असू शकतात, हे मान्य व्हायला 14 वर्षे लागली. भीतीचा मुद्दा आजही निघतो. त्यावरचे उत्तर असे : बरगडी मोडली तर ती जुळते. बंद पडलेले हृदय तसेच सोडले, तर मृत्यू निश्चित असतो.

‘अ‍ॅडव्हान्स’ उपचार म्हणजे काय?

छाती दाबल्याने वेळ मिळतो. थरथर थांबवायला बहुतेक वेळा शॉकच लागतो. 1962 मध्ये बोस्टनचे डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी एसीऐवजी डीसी शॉक वापरण्याची पद्धत आणली. ती अधिक सुरक्षित ठरली आणि यंत्रेही लहान होऊ लागली. 1966 मध्ये बेलफास्टचे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत बसवला. त्यांचे पहिले यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचे आणि त्याचे वजन सुमारे 70 किलो होते. काही वर्षांतच ते 3 किलोवर आले. पुढे ठोक्यांची लय स्वतः ओळखून सूचना देणारे एईडी आले.

आज अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्ट देणारी टीम ईसीजी पाहून निर्णय घेते. थरथर असेल किंवा नाडी नसताना ठोके अतिवेगाने पडत असतील, तर लगेच शॉक. ईसीजीची रेषा पूर्ण सपाट असेल तर शॉकचा उपयोग नसतो. मालिकांमध्ये सपाट रेषेवर शॉक देताना दाखवतात, ते चुकीचे आहे. अशा वेळी छाती दाबणे, अ‍ॅड्रिनलिन, ऑक्सिजन आणि मूळ कारणाचा शोध हाच मार्ग असतो. नाडी आहे पण ठोके अतिवेगाने पडत आहेत आणि रुग्ण ढासळतो आहे, तर ठोक्याशी वेळ जुळवून कमी शक्तीचा शॉक देतात. ठोके फारच मंद असतील तर औषध किंवा छातीवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून पेसिंग करतात. या बाह्य पेसिंगची सुरुवातही झोल यांनीच 1952 मध्ये केली होती.

यातली एकही गोष्ट सुरुवातीच्या मिनिटांची भरपाई करू शकत नाही. सीपीआर आणि शॉक यांपैकी काहीच मिळाले नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते, असे मानले जाते.

लकव्याचे काय?

लकवा म्हणजे स्ट्रोक हा मेंदूचा आजार. त्यात छाती दाबायची नसते, पण घड्याळ तितकेच महत्त्वाचे असते. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी काहीही दिसले तर लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरते. म्हणून अशा रुग्णाला घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, पाणीही पाजू नये. सीटी स्कॅन असलेले रुग्णालय आधी फोन करून ठरवले, तर मनोर किंवा बोईसरहून निघालेल्या रुग्णाची एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात होणारी फरफट टळते.

कौवेनहोवेन यांची अखेरची वर्षे कशी गेली?

ते लाइनमनना विसरले नाहीत. 1960 च्या दशकात अतिउच्च दाबाच्या तारांवर काम करणाऱ्यांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास त्यांनी लँगवर्दी आणि निकरबॉकर यांच्यासह केला. 1961 मध्ये त्यांना इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगमधील प्रतिष्ठेचे एडिसन पदक मिळाले. 1969 मध्ये जॉन्स हॉपकिन्सने त्यांना मानद एमडी पदवी दिली. योगायोग असा, की त्याच वर्षी तारापूर अणुवीज केंद्रातून वीजनिर्मिती सुरू झाली आणि या परिसरात औद्योगिक विजेचे नवे युग आले. 1973 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, त्यांना लास्कर पुरस्काराने गौरवण्यात आले. 10 नोव्हेंबर 1975 रोजी बाल्टिमोरमध्ये त्यांचे निधन झाले.

मनोर-बोईसर पट्ट्यात याचा उपयोग कसा?

महाराष्ट्रात 108 क्रमांकाची सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यापैकी 233 अ‍ॅडव्हान्स आणि 704 बेसिक लाइफ सपोर्टच्या होत्या. म्हणजे फोन केल्यावर येणारी प्रत्येक गाडी सारख्या सुविधांची असेलच असे नाही. फोनवर बोलताना रुग्ण बेशुद्ध आहे आणि श्वास घेत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगणे म्हणूनच महत्त्वाचे.

तारापूर एमआयडीसीतील कारखाने, महावितरणचे वायरमन, पावसाळ्यात शेतातील मोटर सुरू करणारे शेतकरी, या सगळ्यांना विजेचा धोका रोजचा आहे. शॉक लागलेल्या माणसाला थेट हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. उच्च दाबाची तार पडली असेल तर जवळ न जाता महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. घरगुती शॉक लागलेला आणि नुकतेच हृदय बंद पडलेला माणूस अनेकदा तरुण आणि एरवी निरोगी असतो. म्हणूनच अशा वेळी लगेच दिलेल्या सीपीआरला यश येण्याची शक्यता चांगली असते. लाइनमनना वाचवण्यासाठी सुरू झालेल्या संशोधनाचा धागा इथे सरळ जुळतो.

कारखान्यांसाठी हिशेबही सोपा आहे. प्रत्येक पाळीत सीपीआर येणारे किमान दोघे, एक एईडी आणि तो कुठे ठेवला आहे हे सगळ्यांना माहीत असणे, एवढे झाले तरी रुग्णवाहिका गेटवर पोहोचण्याआधीच उपचार सुरू होतात. महामार्गावरचे ढाबे, पेट्रोल पंप आणि रिक्षा स्टँड यांनाही हेच लागू होते. तिथे चोवीस तास कुणी ना कुणी असतेच.

समोर माणूस कोसळला तर काय करावे?

भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने 2017 मध्ये सामान्य नागरिकांसाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत सुचवली. त्यात तोंडाने श्वास देण्याची सक्ती नाही.

- आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहा. महामार्गावर असाल तर रुग्णाला वाहनांच्या रांगेतून बाजूला घ्या.
- खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर हृदय बंद आहे असे समजा. नाडी शोधण्यात वेळ घालवू नका.
- एकाला 108 किंवा 112 वर फोन करायला सांगा. फोन स्पीकरवर ठेवा. जवळ एईडी असेल तर मागवा.
- रुग्णाला कडक जमिनीवर पाठीवर झोपवा. छातीच्या मध्यभागी एका तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात ठेवा. कोपर सरळ ठेवा.
- मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या.
- दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेल्या हातांचा दाब कमी होतो.
- रुग्ण हालचाल करू लागेपर्यंत किंवा वैद्यकीय मदत येईपर्यंत थांबू नका.

1960 च्या लेखात मिनिटाला 60 दाब आणि 3 ते 4 सेंटिमीटर खोली सांगितली होती. नंतरच्या संशोधनाने हे दोन्ही आकडे वाढवले. लहान मुले आणि बुडालेल्या व्यक्ती यांच्यासाठी श्वास देणेही महत्त्वाचे असते, ते प्रशिक्षण घेऊन शिकावे.

मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागतो का?

रस्ते अपघातातील जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 2019 मधील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. अशा व्यक्तीवर मदतीदरम्यान झालेल्या इजेबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव आणि पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णालयात पोहोचवून ती व्यक्ती निघून जाऊ शकते.

सीपीआर शिकायला एक दुपार पुरते आणि वैद्यकीय पदवी लागत नाही. ग्रामपंचायत, शाळा, कंपनीचा सुरक्षा विभाग किंवा गणेशोत्सव मंडळ, कुणीही जवळच्या रुग्णालयातील डॉक्टरांना किंवा भूलतज्ज्ञांना बोलावून असे प्रशिक्षण ठेवू शकते. मनोरहून मोठे रुग्णालय किती दूर आहे, हे लगेच बदलणार नाही. रुग्णवाहिका येईपर्यंतच्या मिनिटांत काय करायचे, हे मात्र बदलता येते.